दुबईची ऑफर आली, पण सही करायच्या आधी हे वाच

बेटा,

तुझा मेसेज वाचला, दुबईच्या शाळेतल्या टीचरच्या नोकरीच्या ऑफर लेटरचा फोटो पण मोठा करून करून बघितला. खूप आनंद झाला, खरंच. पण सही आत्ता करू नको, चार दिवस थांब. घरी सगळे खुश आहेत, धरमपेठच्या क्लासमध्ये पण तू सांगून बसलीस, त्यामुळे आता मागे कसं फिरायचं असं वाटून राहिलं असेल, पण त्यासाठी सही करायची नसते.

आधी त्या सीताबर्डीवाल्या एजंटचं. प्रोसेसिंगचे दीड लाख मागतो ना तो, एक रुपया देऊ नको. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधलं की रजिस्टर्ड आहे की नाही ते कळतं, आणि असला तरी उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तो म्हणेल तुझा पासपोर्ट नॉन-ईसीआर आहे, म्हणजे नोकरीला बाहेर जाताना सरकारी तपासणी न लागणारा, तुला हे काही लागू नाही. तुला ती तपासणी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, लागत नाही एवढंच त्यात खरं, लायसन्स त्याला लागतंच. आणि यूएईच्या, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्या देशाच्या, कायद्यात तर भरतीचा खर्च मालकानेच करायचा, तो टीचरकडून वसूल करायला मनाई आहे. मग हे दीड लाख कशाचे, हे त्याला लेखी विचार, बघ काय म्हणतो.

आणि "पहिले व्हिजिट व्हिसावर या, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करून देऊ" असं कोणी म्हटलं तर तिथेच नाही म्हण. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे, पकडली गेलीस तर त्रास तुलाच, आणि पगार बुडाला तर तक्रार कोणत्या तोंडाने करशील? तुझ्या नावाचा वर्क एन्ट्री परमिट शाळेने काढायचा, तो हातात आला की मग तिकीट.

आता पगार. ४,५०० दिरहम म्हणजे लाखाच्या वर गेलं म्हणून तुझे बाबा हरखलेत, पण त्या कागदावर बेसिक फक्त १,८०० आहे, बाकी सगळे अलाउन्स, हे तू बघितलंस का? नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तिथे बेसिकवर काढतात, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक. म्हणजे तीन वर्षं काम करून निघालीस तर १,८०० च्या हिशोबाने ३,७८० दिरहम मिळतात, आणि तोच ४,५०० पगार पण बेसिक ३,००० असतं तर ६,३०० मिळाले असते. महिन्याला हातात तेवढंच येतं म्हणून कोणी हे विचारत नाही. तू विचार. बेसिक वाढवून मागायला लाजायचं काही कारण नाही, एम.एस्सी. मॅथ्स, बी.एड. झालेली टीचर आहेस तू.

अकोमोडेशन लिहिलंय, पण कसलं? स्वतःची रूम की बेड-स्पेस, म्हणजे खोलीत नुसता एक पलंग, एका खोलीत किती जणी, शाळेपासून किती लांब? राहायची सोय नको, अलाउन्स द्या म्हणालीस तर लक्षात ठेव, दुबईत वर्षाचं भाडं आधीच थोड्या चेकमध्ये मागतात, नवीन माणसाकडे एवढे पैसे नसतात. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार मिळणार का हे पण लेखी घे. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहिलं असेल तर ते कायद्याबाहेरचं आहे.

शाळा कशी आहे हे एजंटला विचारू नको. दुबईच्या खाजगी शाळा केएचडीए नावाच्या सरकारी संस्थेखाली येतात, त्यांच्या वेबसाइटवर शाळांचे जुने इन्स्पेक्शन रिपोर्ट आहेत, त्यात आउटस्टँडिंगपासून व्हेरी वीकपर्यंत रेटिंग असतं आणि टीचर टर्नओव्हरचा आकडा पण असतो, दरवर्षी किती टीचर सोडून जातात तो. मी तर रेटिंगच्या आधी तोच बघीन. ज्या शाळेत टीचर टिकत नाहीत तिथे काहीतरी बिनसलेलं असतं, मग लॉबी कितीही चकाचक असू दे. आपली सीबीएसई शाळा आहे म्हणतात तर बोर्डाच्या अ‍ॅफिलिएशन लिस्टमध्ये नाव बघ. शाळेच्या वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन कर, एजंटने दिलेल्या नंबरवर नाही. आणि एचआरने गाठ घालून दिलेली नाही अशी एखादी मराठी किंवा हिंदी टीचर तिथे शोध, अर्धा तास बोल, पगार तारखेला होतो का एवढं तरी विचार.

डॉक्युमेंटचं ऐक. एका शिक्क्यावर दुसऱ्या देशात कागद चालतो त्या अपोस्टिलच्या करारात यूएई नाही, म्हणून डिग्रीवर आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग त्यांच्या दूतावासाचं अटेस्टेशन, म्हणजे डिग्री खरी असल्याचा शिक्का, लागतं, आणि याला वेळ जातो. नागपूर युनिव्हर्सिटीची ओरिजिनल डिग्री पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नको, सगळं स्कॅन करून घरी ताईकडे ठेव. तिथे गेल्यावर शाळा पासपोर्ट "सेफ ठेवतो" म्हणाली तरी द्यायचा नाही, मालकाने पासपोर्ट ठेवून घेणं तिथेही बेकायदेशीर आहे.

अजून एक, दुबई हा एकच रस्ता आहे असं का धरून चाललीस? फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या टीचरना इंग्लंडच्या क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, थेट अर्ज करता येतो, ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता आणि एक शैक्षणिक वर्ष तरी अनुभव लागतो. तुझा विषय त्यात बसतो. पण तिथे हेल्थ सरचार्जच, म्हणजे व्हिसासोबत भरायची सरकारी आरोग्यसेवेची फी, वर्षाला १,०३५ पाउंड आहे, व्हिसा फी वेगळी, आणि शाळेकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीवर घ्यायची परवानगी, हवं, असं लायसन्स असलेल्यांची यादी सरकारने उघडी ठेवली आहे. अमेरिकेत टीचरसाठीच्या जे-१ व्हिसावर जायला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तुझा अजून तेवढा झालेला नाही, त्यामुळे ते आत्ता सोड.

मी तुला जाऊ नको म्हणत नाहीये. तू जावंस असंच मला वाटतं, तुझ्यासारखं समजावून शिकवणाऱ्या कमी आहेत. पण आज रात्री शाळेला थेट मेल कर, बेसिक किती, राहायची सोय कशी, सुट्टीचा पगार आणि व्हिसाचा खर्च कोण करणार, एवढंच विचार. उत्तर आलं की मला फॉरवर्ड कर, मग रविवारी आईबाबांना पण घेऊन ये, सोबत बसून कॉन्ट्रॅक्ट वाचू.

तुझ्या मॅडम