तुकडा आखूड येतोय की लांब, ते आधी पाहा

तुम्ही लिहिलंय की पत्रा कापायच्या लाइनवर 600 पल्सचा एन्कोडर आहे (पत्र्यावर फिरणाऱ्या चाकाच्या एका फेऱ्याला 600 विद्युत ठोके, म्हणजे पल्स, देणारा सेन्सर), चाकाचा परीघ 200 मिमी, पल्स मोजणारा काउंटर दर कटला रीसेट होतो. तरी 2000 मिमीचा तुकडा कधी 2 मिमी, कधी 5 मिमी आखूड येतो, आणि एन्कोडर बदलूनही फरक पडला नाही. एन्कोडर बदलायची घाई झाली असं मला वाटतं.

चाक पत्र्यावर घसरलं किंवा पल्स गळाले, तर काउंटर उशिरा भरतो आणि तुकडा लांब येतो. तुमचा आखूड येतोय, म्हणजे काउंटर लवकर भरतोय, कुठून तरी जास्तीचे पल्स येताहेत. चाक झिजलं तरी आखूडच येतो. व्यास 0.1 मिमीने कमी झाला की परीघ 0.31 मिमीने घटतो, 2 मीटरला साधारण 3 मिमी. पण ती चूक प्रत्येक तुकड्यात सारखीच दिसते. तुमची कमीजास्त होते, म्हणून चाकाला दोष देऊ नका.

खरी मेख तुमच्या एका ओळीत आहे: ‘बी फेजची वायर टेप लावून मोकळी ठेवलीय.’ एन्कोडर ए आणि बी अशा दोन वायरींवर पल्स देतो, त्याच या दोन फेज. नुसत्या ए फेजवर काउंटरला चाक पुढे फिरलं की मागे, ती दिशा कळत नाही. कट झाल्यावर मशीन थांबलेलं असताना काउंटरचा शेवटचा आकडा टक लावून पाहा. शिअरचा, म्हणजे कापणाऱ्या पात्याचा, दणका बसतो, पत्रा थरथरतो, चाक केसभर पुढे-मागे होतं. एन्कोडरची चकती नेमकी रेघेच्या कडेवर थांबली असेल, तर त्या प्रत्येक थरथरीला एक पल्स वाढतो. तुमच्याकडे एक पल्स म्हणजे 0.33 मिमी, बारा पल्स वाढले की झाले 4 मिमी. एका वर्कशॉपमध्ये मी दोन दिवस शील्ड आणि अर्थिंग तपासत बसलो होतो. पत्रा उभा असताना आकडा 0 वरून 9 वर गेलेला ऑपरेटरनेच दाखवला.

बी जोडा आणि काउंटरचा इनपुट मोड क्वाड्रेचर (दोन्ही फेज एकत्र वाचणारा) करा. दोन फेजमध्ये 90 अंशांचा फरक असतो, त्यावरून पुढचा पल्स अधिक आणि मागचा उणे धरला जातो, थरथर आपोआप वजा होते. चारपट मोड (एका पल्सचे चार काउंट) घेतला तर फेऱ्याला 2400 काउंट येतील, तेव्हा स्केल, म्हणजे एका काउंटचे मिमी, 0.0833 करायला विसरू नका. काउंटरला एकच इनपुट असेल तर पैसे काउंटरवर घाला, एन्कोडरवर नको.

मग खडूने चाकावर आणि बॉडीवर एक खूण करा. हाताने दहा फेरे पुढे, दहा मागे. खुणेला खूण जुळली की आकडा शून्यावर यायला हवा, एखाद-दुसरा काउंट चालेल. आता ड्राइव्ह (मोटरला वीज देणारं युनिट) चालू करून पुन्हा तेच करा. बंद असताना शून्य आणि चालू असताना भलताच आकडा आला, तर मात्र नॉइज आहे, म्हणजे बाहेरचे विद्युत झटके केबलमध्ये शिरताहेत. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलपासून वेगळ्या ट्रेमधून न्या.

खडूच्या चाचणीत काय आकडे आले ते इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.