सौरसंचासाठी मुदत ठेव मोडावी का?

सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे: घरात दरमहा सरासरी 190 युनिट वीज लागते आणि बिल 2,000 रुपयांच्या आसपास येते, तर 3 लाखांची मुदत ठेव मोडून 3 किलोवॉटचा सौरसंच 1,95,000 रुपयांत बसवावा का? त्यांच्या बचत खात्यात 90,000 रुपये आहेत. 2 किलोवॉटच्या संचासाठी त्यांना 1,40,000 रुपयांचे दरपत्रक मिळाले आहे.

संच जरूर बसवा, पण 2 किलोवॉटचा, आणि ठेवीला हात न लावता. एक किलोवॉटचा संच वर्षाची सरासरी धरता दिवसाला साधारण 4 युनिट देतो, म्हणजे 2 किलोवॉटचे महिन्याला 240 युनिट होतात. वापरून उरलेली वीज वीज कंपनीकडे तुमच्या नावे जमा होते, त्यामुळे पावसाळ्यातील तूट उन्हाळ्यातील जमेतून भरून निघते; मात्र 31 मार्चला उरलेल्या युनिटांचा मोबदला कमी दराने मिळतो. त्यामुळे तुमच्या घरात तिसरा किलोवॉट जवळजवळ पूर्णपणे वाया जाईल. वातानुकूलन यंत्र घेण्याचे पक्के ठरले असेल, तरच मी हे मत बदलेन.

केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे तुमचा निव्वळ खर्च अनुक्रमे 80,000 आणि 1,17,000 रुपये होतो. बिलातील स्थिर आकार (वीज वापरली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम) पुढेही भरावाच लागेल हे धरून महिन्याला 1,700 रुपये वाचले, तरी 80,000 रुपये सुमारे चार वर्षांत वसूल होतात. ठेवीच्या व्याजाशी याची थेट तुलना मात्र करू नका, कारण ठेवीचे मुद्दल परत मिळते, संचाचे मिळत नाही, आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलण्याचा खर्चही येतो. तरीही वाचलेल्या बिलावर प्राप्तिकर नाही, ही निवृत्तांसाठी मोठी जमेची बाजू आहे.

खरी अडचण वेळेची आहे. अनुदान संच सुरू झाल्यावर खात्यात जमा होते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. 80,000 रुपये बचत खात्यातून द्या आणि उरलेल्या 60,000 साठी याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्या. त्याचे व्याज ठेवीच्या दराहून थोडेच जास्त असते आणि अनुदान येताच तो फेडता येतो. आजारपणासाठी राखलेले हे 3 लाख या वयात मोडणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

वीजजोडणी अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे, असे तुम्ही लिहिले आहे. आगाऊ रक्कम देण्याआधी ती स्वतःच्या नावावर करून घ्या, अन्यथा अनुदानाचा अर्ज तिथेच अडकेल.