किती दुखतंय, ते नंतर विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं लांबलचक पत्र सावकाश वाचलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून शाळकरी मुलांच्या जुनाट दुखण्यांवर काम करायचं तू ठरवलंच आहेस, त्यामुळे 'जाऊ का या वाटेला?' या प्रश्नाला उत्तर देत बसत नाही. शेवटच्या पानावर एका पेशंट मुलीबद्दल तू लिहिलंस, 'मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल, घरचे म्हणतात नाटक करते, आणि खरं सांगायचं तर मलाही कधीकधी शंका येते.' मला बोलायचंय ते यावर.

ही शंका आधी मनातून काढ. मुलांच्या दुखण्यावर विश्वास न ठेवण्याची वैद्यकशास्त्राची खोड जुनीच आहे. अगदी १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना धड कळत नाहीत असं मानून त्यांच्यावर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत असत. आपल्या होळकरांच्या इंदूरला एमबीबीएस झालेले कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला गेले. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होई. त्यांच्या गटाने काही बाळांना नेहमीच्या हलक्या भुलीसोबत फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, काहींना नाही, आणि दोन्हीकडची स्ट्रेस हार्मोन्स मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि बालशल्यविभागांतली पद्धत बदलू लागली. रडणाऱ्या बाळाला दुखतंय हे पटवायला जिथे हार्मोन्स मोजावी लागली, तिथे नॉर्मल एक्स-रे हातात घेऊन बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीचा काय पाड!

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांमध्ये स्वच्छ म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखावा. २०१७ साली याच संघटनेने 'नोसिप्लास्टिक' हा वेदनेचा तिसरा वर्ग मान्य केला: इजा दिसत नाही, नस दबलेली नाही, पण वेदनेची यंत्रणाच बदलून बसली आहे. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला स्वतःचा कप्पा आहे. म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल' हे तुझ्या कामाचं पहिलं पान समज, आणि ते पालकांना तसंच सांगायला शीक. 'काही झालेलं नाही' असं चुकूनही म्हणू नकोस. 'डोक्यात आहे' तर नकोच नको. आपण मेंदूबद्दल बोलतो आणि समोरच्या आईला ऐकू येतं 'वेड'.

मुलांना समजावताना मी वाड्यातलं कुत्रं वापरते. चोरी झाली की ते दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यावरही भुंकतं. चोर गेला, कुत्रं खरोखर भुंकतंय, आणि त्याला मारून गप्प करता येत नाही. दूधवाला रोज त्याच वेळी येत राहिला की हळूहळू थांबतं. यामागचं शास्त्र तुला ठाऊक आहे. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात, आणि मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर जातो. मुलाला हे शास्त्र सांगायची गरज नाही, तुला मात्र ते नीट कळलेलं हवं. दुखऱ्या पायावर भार टाक असं एखाद्या मुलीला सांगताना तुझा आवाज कापता कामा नये, आणि तो न कापण्याचं बळ या अभ्यासातूनच येतं.

आता प्रत्यक्ष उपचार. सीआरपीएसचं, म्हणजे किरकोळ इजेनंतरही हात किंवा पाय वाजवीपेक्षा कितीतरी जास्त दुखत राहण्याच्या आजाराचं, उदाहरण घेते, कारण तिथे आपली परीक्षा सगळ्यात कडक असते. साधारण बारा-तेरा वर्षांची मुलगी, पायच जास्त वेळा, आणि सुरुवात किरकोळ मुरगळण्याने. प्लास्टर निघालं तरी पाय टेकवत नाही. एक मुलगी आठवते. पाऊल गार, जांभळट, घामेजलेलं, मोजा घालायचा म्हटलं तरी किंकाळी. पंख्याचा वारासुद्धा सोसवेना, म्हणून घरात पंखा बंद, आणि एप्रिल महिना! दप्तर आईच्या खांद्यावर. अशा पावलाला पहिल्याच दिवशी हात लावायचा नाही. हात तिचाच. आधी घोट्याच्या वरून, जिथे चालतं तिथून, कापसाने सुरुवात. मग पंचा. मग घरी परातीत तांदूळ घेऊन त्यात पाऊल, दोन-चार दिवसांनी मूग, मग हरभरे. आरसाही वापर: दुखरा पाय आरशामागे, चांगला पाय समोर, हलवायचा चांगला आणि बघायचं आरशात. आणि या सगळ्याबरोबर, नंतर नव्हे, पायावर भार. भिंतीला धरून उभं राहणं, पायरी, चेंडू. किती वेळा करायचं तो आकडा तिने ठरवायचा, पण आदल्या रात्री. सकाळी दुखलं तरी तेवढंच, नाही दुखलं तरी तेवढंच. दुखत नाही त्या दिवशी मुलं हुरळून सगळा डोंगर चढतात आणि पुढचे तीन दिवस आडवी होतात. ही चढउताराची सवय मोडणं हे अर्धं काम आहे.

आणि ऐक, दुखणं शेवटी कमी होतं. आधी मूल चालायला लागतं, शाळेत जायला लागतं, झोपायला लागतं, दुखण्याचा दहापैकी आकडा मात्र तिथेच अडकलेला असतो. नवे फिजिओ इथेच घाबरतात आणि मशिनकडे वळतात. टेन्स लाव, आयएफटी लाव (दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाची मशिनं), शेक दे. मूल पलंगावर पडून, आपण फिरवलेल्या बटणाकडे बघत. मशिनला माझा विरोध नाही, पण या वयातल्या जुनाट दुखण्यात पलंगावरचा प्रत्येक तास मुलाला सांगतो की बरं करणारी वस्तू बाहेर आहे. म्हणून दर वेळी 'आज किती दुखतंय, दहापैकी?' याने सुरुवात करू नकोस. 'काल काय केलंस?' असं विचार.

'दुखतंय का गं?' हे आई दिवसभर विचारत असतेच. तिला दोष देऊ नकोस. लेकराला दुखत असताना कुठली आई गप्प बसेल? पण लिन वॉकर यांच्या गटाचा २००६ सालचा प्रयोग तिला गोष्टीसारखा सांग. पोटदुखीच्या मुलांना पाणी पाजून पोटात अस्वस्थता आणली. काही आयांना सांगितलं, दुखण्याकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, विषय बदला. लक्ष दिल्यावर मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, विषय बदलल्यावर निम्म्यावर आल्या. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो: विषय बदलल्याने मुलाला त्रास होईल असं आयांना वाटत होतं, मुलांना मात्र तसं काही वाटलं नव्हतं. घरी सांगायचं ते एवढंच, की चौकशी ठरलेल्या एका वेळी, एरवी बाकीच्या गप्पा. बाबांनाही बोलवून घे. 'काही नाही, सवय लागलीय तिला' हे वाक्य बहुतेकदा तिकडून येतं, आणि त्या एका वाक्याने आठवड्याची मेहनत वाया जाते.

थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलायचंच. पाळीचं दुखणं वडिलांसमोर कुठली मुलगी सांगणार? वर्गात कोण चिडवतं, क्लासला कोण त्रास देतं, हेही तिथेच बाहेर येतं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. अशा वेळी काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेव.

विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे असं नाही. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सकाळचा ताठरपणा आणि सुजलेला सांधा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं की व्यायाम बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांशी बोल. आपल्याकडे पाठीच्या मणक्याचा क्षयरोग अजून आहे. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या लठ्ठ, लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नाही; मांडीच्या हाडाचं डोकं सरकलेलं असू शकतं आणि कळ गुडघ्यात येते. उलट बाजूही सांगून ठेवते. पाठीच्या एमआरआयवर 'डिस्क झिजली' असं लिहून आलं म्हणून मुलाला वर्षभर खेळबंदी करू नकोस. ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पाठ न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन एकत्र केले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज होतीच.

आता तुझ्या संशोधनाच्या प्रस्तावाबद्दल. एफएमआरआयवर, म्हणजे मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनवर, तू सात पानं लिहिली आहेस आणि मोजमापांवर अर्धं. हे उलटं कर. स्कॅनरचं महत्त्व मी नाकारत नाही. लॉरा सायमन्स आणि बॉस्टनच्या गटाने सीआरपीएस झालेल्या मुलांचे, पुनर्वसनाआधी आणि नंतर, स्कॅन काढले. अमिग्डला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाचे मेंदूच्या इतर भागांशी संबंध आधी वाढलेले दिसले, उपचारानंतर काही घटले, आणि ते घटणं दुखण्याच्या भीतीत झालेल्या घटीशी जोडलेलं होतं. २०१४ साली हे आलं. मूठभर मुलांवरचा अभ्यास आहे, पण त्याने भीतीला वेदनेच्या हिशोबात जागा दिली. हे जमलं कशामुळे? भीती मोजायची प्रश्नावली त्यांनी आधी तयार करून ठेवली होती म्हणून. तू तशीच काही मराठीत आण. दुखण्यामुळे रोजच्या कामात येणारी अडचण मोजणारी वॉकर आणि ग्रीन यांची पंधरा प्रश्नांची यादी घे. भाषांतर कर, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घे, आणि मग बीडच्या आणि दादरच्या मुलांना वाचायला देऊन काय समजलं ते विचार. बसने शाळेत जाणारा आणि तीन किलोमीटर चालत जाणारा, दोघांना 'चालणं' हा एकच प्रश्न विचारून भागणार नाही.

तुलनेचा गट न ठेवता आधी-नंतरचे आकडे दाखवायचा मोह होईल. १९९९ साली डेव्हिड शेरी यांच्या गटाने अमेरिकेत सीआरपीएसच्या १०३ मुलांना रोज पाच-सहा तास व्यायाम दिला, औषधं नाहीत. ९२ टक्के मुलांची लक्षणं सुरुवातीला पूर्ण गेली. हा निकाल मी भक्तिभावाने वाचलेला आहे, तरी तिथे तुलनेचा गट नव्हता हे विसरत नाही. आता २०१७ सालचा मुलांच्या मायग्रेनवरच्या दोन औषधांचा अभ्यास शेजारी ठेव: अ‍ॅमिट्रिप्टिलिनवर ५२ टक्के, टोपिरामेटवर ५५ टक्के, आणि नुसत्या साखरेच्या गोळीवर ६१ टक्के मुलांची डोकेदुखी निम्म्यावर आली किंवा त्याहून कमी झाली. मुलं आपसूक बरी होतात, कुणी ऐकून घेतलं तरी बरी होतात. तुझ्या तुलनेच्या गटालाही तेवढाच वेळ, तेवढीच आपुलकी दे. नाहीतर तू नक्की कशाचा परिणाम मोजलास ते तुलाच कळणार नाही. सुस्मिता काशीकर-झक यांचं सिनसिनाटीचं काम मुळातून वाच (आडनाव बघून कान टवकारतील तुझे). किशोरवयातल्या फायब्रोमायल्जियासाठी (सगळ्या अंगभर टिकून राहणारं दुखणं) मानसोपचार आणि स्नायूंच्या तालमीचा व्यायाम त्यांनी एकाच सत्रात गुंफला आहे, आणि आपल्याकडे नेमकं हेच होत नाही: मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या इमारतीत, आपण तळघरात.

कागदपत्रं सांगायला हवीत असं नाही, तरी: सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली, नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी, पालकांची संमती, आणि बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यता. या मान्यतेची भाषा सातवीतल्या मुलाने वाचून तुला परत सांगितली पाहिजे. नाही म्हणालं तर नाही, आईने सही केली असली तरी.

दप्तराचा मुद्दा तुझ्या प्रस्तावात पहिल्या परिच्छेदात आहे, तो तिथून काढ. शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझं नको असा शासन निर्णय २०१५ साली आपल्याकडे निघाला, आणि त्याला माझा पाठिंबाच आहे, तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या पोरांची दया येतेच. पण दप्तराच्या वजनामुळे पाठदुखी होते याचा पुरावा २०१८ च्या आढाव्यात फारसा टिकला नाही. झोप मात्र तू कुठेच मोजत नाहीस. सकाळी सातची शाळा, रात्री नऊपर्यंत क्लास, मग मोबाइल. या वयात झोपेचं घड्याळ निसर्गतःच पुढे सरकलेलं असतं. झोपेची रोजनिशी घाल, दोन आठवड्यांची.

शाळेला पत्र लिहायचं काम कुणी शिकवत नाही, म्हणून माझा नमुना सोबत जोडला आहे. मुख्याध्यापकांना निदान सांगायची गरज नसते. पहिला आठवडा दोन तास, दुसरा चार. वर्ग तळमजल्यावर मिळाला तर बरं. तासाला एकदा उभं राहायची मुभा. पीटीच्या तासाला बाकावर बसवू नये, काहीतरी करू द्यावं. आणि दुखायला लागलं म्हणून लगेच घरी फोन करू नये, दहा मिनिटं वाचनालयात बसवून परत वर्गात पाठवावं. पीटीच्या सरांना एकदा प्रत्यक्ष भेट. बहुतेक सर मदत करतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मोजमापांचा तक्ता पुढच्या रविवारपर्यंत पाठव. संख्याशास्त्राच्या बाईंशी मी बोलून ठेवते, नमुना किती लागेल ते त्याच सांगतील; तू आत्ताच चाळीस लिहून मोकळी झालीयेस ते खोड.

तुझी,
मॅडम