आधी त्यांचं बाहेर येणं बघ

दादर, मुंबई

प्रिय बाळ,

तुझा निरोप पोचला. डार्टमध्ये, म्हणजे डब्लिनच्या लोकलमध्ये, शेजारी बसलेल्या आजींनी ‘शनिवारी फॉर्टी फूटला ये पोहायला’ म्हटलं, समुद्रात उतरायच्या त्या खडकाळ जागी, आणि तू मला विचारतेस, सर, जाऊ का?

जा की! डब्लिनला जाऊन सात महिने झाले, आणि ऑफिसबाहेरच्या माणसाने तुला पहिल्यांदा कुठेतरी बोलावलंय. पण शिवाजी पार्कच्या तलावात तू माझ्याकडे शिकलीस आणि तिथली जुनी सवय मला ठाऊक आहे. फळीवरून धाडकन उडी. ती सवय दादरलाच ठेव.

लेक तिकडे होती तेव्हा दोन महिने मीही त्याच खडकावरून उतरलोय. सत्तरी ओलांडलेली मंडळी पोटात शिरा घालून आल्यासारखी निवांत पाण्यात शिरतात. १९७४पर्यंत ती जागा फक्त पुरुषांची होती. मग बायकांनीच तिथे उतरून तो नियम मोडला. आजींना त्याबद्दल विचार, सकाळभर गप्पांना विषय मिळेल. तिथे कुणीही तुला सांगेल, ‘एकदा आत गेलं की मस्त वाटतं.’ हे वाक्य ते गेली कित्येक वर्षं थंडीत उतरतायत म्हणून त्यांच्यापुरतं खरं आहे. तुझ्यासाठी अजून नाही.

आपला समुद्र जानेवारीतही कोमट. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी पाणी आठ-नऊ अंशांवर येतं, आणि ऐन ऑगस्टमध्येसुद्धा पंधराच्या आसपास. अशा पाण्यात शिरताना श्वास आपोआप आत खेचला जातो, तो आपल्या हातात नसतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. म्हणून कठडा धरून पायऱ्यांनी उतर. मान-चेहरा भिजवून घे, सावकाश श्वास सोडत राहा. पहिली दोन-तीन मिनिटं पोहायचंच नाही, धाप ओसरू द्यायची.

आता खरं सांगायचं ते. त्या म्हाताऱ्यांचं उतरणं बघून हरखून जाऊ नकोस. ते बाहेर कधी येतात ते बघ. मी बघितलं नाही. एप्रिलचा महिना, अंगात मास्तरकी, ‘आपण जुहूला तास तास पोहतो’ ही घमेंड. सगळे सात-आठ मिनिटांत वर, मी पंचवीस मिनिटं आत. वर आलो तेव्हा अगदी ठणठणीत होतो, चार लोकांना हात केला. गंमत पुढेच आहे. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान उतरतच राहतं. दहा मिनिटांनी माझे दात वाजायला लागले, बोटं वळेनात, चहा निम्मा पँटवर. शर्टाची बटणं लावून दिली ती एका पंच्याहत्तरीच्या गृहस्थांनी, नातवाची लावावीत तशी. एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा अंगात ताकद असतानाच वर ये. ओले कपडे आधी उतरव, अंग कोरडं कर, लोकरीची टोपी घाल, मग थर चढव. लगेच कढत पाण्याच्या शॉवरखाली उभी राहू नकोस, चक्कर येते. फ्लास्क स्वतःचा ने, आलं ठेचून घातलेला चहा. आजींना एक कप दे. तुझी तिकडची ओळख आठवडाभरात ‘चहावाली मुलगी’ होईल, बघ.

पाणी वाचायचं मात्र नव्याने शिकावं लागेल. इथे आमचं सोपं असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कालनिर्णय भिंतीवर असतंच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती, तेव्हा पाणी कमी ओढतं. उधाण-भांग तिकडेही चंद्रावरच चालतं, पण हा तासांचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिकडे लावू नकोस. टाइड टेबल बघ, आणि वारा बघ. लाट खडकावर आपटत असेल आणि आजी काठावर नुसत्या उभ्या असतील, तर तूही उभी राहा. आम्हीही पावसाळ्यात जुहूच्या पाण्यात शिरत नाही. उधाण असतं आणि वर ते डंख मारणारे, जेलीफिशसारखे निळे ब्लू बॉटल. नारळी पौर्णिमा झाली की मग पुन्हा. काठावर बसून शेंगा खाण्यातही वेळ बरा जातो.

एकटी कधीच उतरू नकोस, ओळख कितीही झाली तरी. डिसेंबरात तिकडे उजाडायलाच साडेआठ होतात, अंधारात तर नाहीच.

आजींनी टोपी विणून देते म्हटलंय ना? माप देऊन टाक, संकोच करू नकोस. आणि शनिवारी किती मिनिटं आत होतीस ते कळव. पाचच्या वर आकडा आला तर फोन करून ओरडेन.

तुझा,
सर