सॅडल घासण्याआधी

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी तिला इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार घेतली. चवथीच्या आरत्यांना घुमट-शामेळ या तालवाद्यांबरोबर वाजवायची तिची फार इच्छा होती, पण एफ कॉर्ड धरताना बोटं दुखतात म्हणून अर्ध्यातच सोडून देते. तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, खूप उंच आहेत असं तिचे सर म्हणतात. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली तर जाड तार साडेतीन मिलिमीटर, बारीक तार तीन. दुकानदार म्हणतो, ब्रिजवरची पांढरी पट्टी काढून खालून घासा, सोपं आहे. भाचा म्हणतो, नेकमधला रॉड पिळा. घरीच केलं तर चालेल का? – एक आई, डिचोली

उत्तर: ताई, तुम्ही मोजून लिहिलंत, अर्धं काम तिथेच झालं. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ‘तारा लय वर आहेत’ एवढंच सांगतात. स्टीलच्या तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड ‘ई’ला अडीच आणि बारीक ‘ई’ला पावणेदोन ते दोन मिलिमीटर असलं की शिकणाऱ्या हाताला पुरतं. म्हणजे तुमची गिटार साधारण एक मिलिमीटरने उंच आहे.

आता दुकानदाराचं गणित बघा. बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल, म्हणजे ती ब्रिजवरची पांढरी पट्टी, दोन मिलिमीटर घासावं लागतं. सॅडल लाकडाच्या वर किती दिसतंय ते मोजा. बहुतेक गिटारींत तीन-साडेतीनच असतं. त्यातले दोन गेले की तार सॅडलवरून खाली वळायला कोनच उरत नाही. आवाज मरतो, आणि पिकअपवर, म्हणजे सॅडलखाली बसवलेल्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवर, दाब पडत नाही तो वेगळाच. घासलेलं परत येत नाही. म्हणून सॅडलला हात सगळ्यात शेवटी. आधी बाकीचं तपासू.

पहिली गोष्ट एफची. एफ धरतात पहिल्या फ्रेटवर. तिथली उंची सॅडलने फारशी ठरत नाही, ती ठरते नटने, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीने. एक साधी परीक्षा करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि मुलीला तोच आकार एक घर पुढे धरायला सांगा. एकदम सोपा झाला तर दोषी नट. दुसरी खूण: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहायला हवी. डोळ्यांना ठळक दिसणारी फट म्हणजे खाच उथळ आहे. स्वस्त गिटारींना हे नेहमीच असतं, कारखान्यात नट घाईत बसवतात. पण ही खाच घरी कानशीने कोरू नका. तिला तारेच्या जाडीची खास कानस लागते आणि उतार डोक्याकडे द्यावा लागतो. केसभर जास्त गेलं की मोकळी तार घरघरते. हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, वेळही फार लागत नाही. तुमच्या पत्रातली ‘बोटं दुखतात, एफ सोडते’ ही तक्रार निम्म्याहून जास्त इथेच सुटेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट भाच्याच्या रॉडची. ट्रस रॉड तारांची उंची कमी करण्यासाठी नसतो, तारांच्या ओढीने नेक पुढे वाकते त्याला आवर घालण्यासाठी असतो. आधी वाक आहे का ते पाहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, नेक शरीराला मिळते तिथे जाड तार बोटाने दाबलेली, आणि मग सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असेल तर रॉडला हात लावू नका. दोन कार्डं सहज जात असतील तर नेक वाकलीय. रॉडची चावी त्याच्या छिद्रात पूर्ण बसवून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. मग तारा पुन्हा सुरात लावायच्या, मग परत बघायचं. चावी अडली की थांबायचं, जोर लावायचा नाही. एका मिलिमीटरमधला थोडा भाग यातून मिळेल, सगळा नाही.

तिसरी गोष्ट, आणि गोव्यात ही कधीच विसरू नये: पाऊस. आषाढ-श्रावणात आपल्या घरांतली हवा इतकी ओली असते की भिंतीवर, पुस्तकांवर बुरशी चढते. लाकूड कसं सुटेल? गिटारचे कारखाने ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात, आपल्याकडे पावसाळ्यात ती ८५च्या पुढे सहज असते. वरची फळी पाणी पिते, रेषांच्या आडवी फुगते, ब्रिजच्या मागे पोट येतं आणि ब्रिजसकट तारा वर उचलल्या जातात. पावसाळ्यात अर्धा मिलिमीटर चढलेली गिटार दिवाळीनंतर आपोआप खाली बसलेली मी पुष्कळदा पाहिलीय. तेव्हा हे माप तुम्ही कधी घेतलंत? ऑगस्टमधलं असेल तर सॅडल आता घासू नका. ऑगस्टमध्ये घासलेली गिटार जानेवारीत घरघरायला लागते. दोन-चार महिने बारीक तारांचा संच लावा: सध्या १२ नंबरचा असेल तर ११ किंवा १०चा. ओढ कमी, फळीवर ताण कमी, बोटांना आराम. आवाज किंचित पातळ होईल, पण आरतीत घुमट असल्यावर तो कोणाच्या लक्षात येतो?

नट झालं, नेक पाहिली, हवा सुकली, तरीही बाराव्यावर तीनच्या आसपास असेल, तर मग सॅडल. तेव्हा अर्धा मिलिमीटर हवा असेल, म्हणजे एक घासायचा. तेवढ्याने काही बिघडत नाही. माझा आग्रह एकच: मूळ सॅडल कापसात गुंडाळून ठेवा आणि हाडाचं दुसरं आणून ते घासा. त्याची लांबी, रुंदी, उंची जुळवूनच घ्या. हाडाची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, तोंडाला रुमाल बांधा.

तारा सैल करा, पण जुनं सॅडल काढण्याआधी त्याच्या एका टोकाला पेन्सिलने खूण करा, म्हणजे जाड तारेकडची बाजू चुकणार नाही. पक्कडीला फडकं गुंडाळून सरळ वर ओढा. खाली पातळ पट्टीसारखा किंवा गुंफलेल्या दोरीसारखा पिकअप असेल, तो ओढू नका, घासू नका, दाबूनही पाहू नका. पिकअपवर जास्तीची चिपटी घातलेली असेल तर आधी ती काढा. काही गिटारींत दुकानदारच उंचीसाठी ती घालून देतो आणि नुसती काढली तरी काम होतं.

नव्या सॅडलच्या तळाला पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारा. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासा, मधूनमधून रेघा तपासा. मधल्या रेघा गेल्या आणि टोकाच्या उरल्या, किंवा उलट, तर तळ वाकतोय. शेवटी स्टीलची पट्टी लावून उजेडासमोर धरा, खालून प्रकाश दिसता कामा नये. मिरजेच्या कारागिरांकडे तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा मुद्दाम गोलसर करतात, त्यातूनच ती गुणगुण येते. इथे उलट. माथ्याला हात लावायचा नाही, आणि तळ काटेकोर सपाट. सॅडल बोटाने ब्रिजच्या खाचेत सरकेल पण हलणार नाही, एवढंच सैल ठेवा.

प्रश्न: मी फोंड्यात हौशी भजनी मंडळात गिटार वाजवतो. महिन्यापूर्वी सॅडल स्वतः घासून तारा खाली आणल्या. हाताला मस्त लागतं, पण अ‍ॅम्पला जोडली की तिसरी आणि चौथी तार दबलेली, बाकीच्या जोरात. प्लग काढून वाजवली तर सगळ्या सारख्या. पिकअप बिघडला का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: बहुतेक नाही. सॅडलखालचा पीझो पिकअप दाबावर चालतो. सॅडलमधून येणारं कंपन त्याला दाबतं आणि त्यातून वीज निघते. तुमच्या तळाचा मधला भाग पोकळ घासला गेलाय, दोन्ही टोकं टेकली, मध्ये हवा. म्हणून नुसत्या गिटारीत ऐकू येत नाही आणि अ‍ॅम्पमध्ये येतं.

तारा काढा, सॅडल काढून तळाखाली पट्टी धरा, पोकळी दिसेलच. वर सांगितल्याप्रमाणे काचेवर हलकेच सपाट करा; त्यात अजून थोडं घासलं जाईल, म्हणून आधी उंची मोजून ठेवा. खाचेत भुकटी राहिली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पिकअपची वायर ज्या छिद्रातून आत जाते तिथे ती उचललेली नाही ना, हेही बघा. पण असं असलं तर दबलेली तार टोकाची असते, मधली नव्हे. सॅडल खाचेत घट्ट अडकत असेल तरी तारांचा दाब खाली पोचत नाही, अशा वेळी बाजू अगदी हलक्या घासा. एवढं करूनही फरक तसाच राहिला तर मात्र पिकअप तपासून घ्या.

आणि प्रीअ‍ॅम्पमधला, म्हणजे गिटारीतच बसवलेल्या आवाज वाढवणाऱ्या यंत्रातला, नऊ व्होल्टचा सेल बदलून बघितलात का? सेल उतरला की आवाज फाटतो आणि ताराही असमान वाटतात, लोक उगाच सॅडलवर रागावतात. वाजवून झालं की प्लग काढून ठेवत चला. बहुतेक गिटारींत प्लग आत असेपर्यंत सेल जळत राहतो.

प्रश्न: गिटार ओली झाल्यासारखी वाटते. मसाल्यासारखी ऊन दाखवली तर? – एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर: अजिबात नको. उन्हाने सरस मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर कधी सुकवायचे ते कळतं. आणि केस भिंतीला टेकवू नका, मधे हात जाईल एवढी जागा सोडा.