9 किलोची की 14 किलोची?

प्रश्न : मी रोज सायकलने ऑफिसला जाते, रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर असते. दिवाळीनंतर पुण्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्याला जायचं आहे. एकाच किमतीत दोन सायकली पाहिल्या : 9 किलोची रोडबाइक आणि 14 किलोची स्टीलची टूरिंग. ग्रुपमधले म्हणतात, चढावर ते पाच किलो जीव काढतील. कोणती घेऊ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टूरिंगची घ्या, ताई.

चढावर सायकल एकटी जात नाही. तुमचं वजन 60 किलो आणि सामान 12 किलो धरा. एका सायकलीवर एकूण 81 किलो होतात, दुसरीवर 86. म्हणजे फरक सहा टक्क्यांचा. तासाभराच्या चढाला तीन-चार मिनिटं जास्त लागतील.

जीव काढतो तो गिअर. रोडबाइकला पुढे 34 आणि मागे 28 दात असले, तर सर्वांत हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे ढकलावी लागते. टूरिंगच्या 26-34 ला हेच अंतर जेमतेम 1.6 मीटर. तुमच्या वाटेवर याचीच गरज आहे. ताम्हिणी बहुतेक उतरायचाच आहे, खरी परीक्षा पुढे. हरिहरेश्वर ओलांडून बागमांडला-वेश्वी, मग दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड, अशा जेटी (खाडीपलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी) घेत जाताना खाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं आणि सड्यावरून पुन्हा खाडीत उतरायचं, हेच दिवसभर चालतं. चढ छोटे, पण उभे. भरल्या सायकलीवर तिथे मांड्या आधी बोलतात, आणि गुडघे दुसऱ्या दिवशी.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. रोडबाइकचा मागचा भाग आखूड असतो, त्यामुळे कॅरियरला लावलेल्या बॅगांवर टाच आपटते. कॅरियरसाठी फ्रेमला बहुधा भोकं नसतात ती वेगळीच अडचण. मागच्या चाकाला 24 तारा असल्या तर भार टाकताना मला धाकधूक वाटते, 36 असल्या की मी निर्धास्त. टायर 35 मिलिमीटरच्या वर असू द्या. खडी उखडलेल्या रस्त्यावर 25 चं टायर फार छळतं.

रोडबाइक मला मनापासून आवडते. 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पुरी करायची असेल, तर मी तीच सुचवेन. गोव्यालाही ती नेता येते, पण मग मुक्काम घरगुती निवासात, जेवण खाणावळीत आणि सामान सीटमागच्या एका बॅगेत मावेल तेवढंच. तंबू नाही, स्टोव्ह नाही. तुम्ही ते न्यायचं म्हणत असाल तर हा पर्याय सोडाच.

पैसे देण्याआधी दुकानदाराला कॅरियर बसवायला सांगा, दोन्ही बाजूंना सहा-सहा किलो लावा आणि जवळचा एखादा चढ चढून या. उतरताना ब्रेकही दाबून बघा.