न्यूरोसायन्सची पदवी: नाव पाहावे की प्रयोगशाळा?

देवरुखच्या एका पालकांनी विचारले आहे की, मुलीला बारावीनंतर न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचे शास्त्रच शिकायचे आहे. एका खासगी विद्यापीठात त्या नावाची बीएस्सी आहे, तर कर्ज काढून तिला तिथे पाठवावे, की रत्नागिरीत प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करू द्यावी? केवळ पदवीच्या नावासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेंदूवरील संशोधनासाठी नावाजलेल्या मानेसरच्या एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) यासारख्या संस्थांत विद्यार्थी मुख्यतः पदवीनंतर जातात, आणि तिथे प्राणिशास्त्रापासून भौतिकशास्त्र व इंजिनिअरिंगपर्यंत सर्व वाटांनी आलेली मुले भेटतात.

तिने गणित सोडले आहे, ही बाब मला कर्जापेक्षा अधिक काळजीची वाटते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात उतरणारे माकूल (स्क्विड) आपल्या ओळखीचे आहे. त्याच जातकुळीतल्या प्राण्याच्या जाड चेतातंतूवर हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रयोग केले, आणि संदेश तंतूतून कसा धावतो हे 1952 मध्ये चार डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये (बदलाचा वेग मांडणाऱ्या समीकरणांत) मांडले. त्यासाठी त्यांना 1963 चे नोबेल मिळाले. हा या विषयाचा पाया आहे आणि जीवशास्त्राचे पाठांतर कितीही पक्के असले तरी गणिताशिवाय तो समजत नाही.

म्हणून पहिली पसंती मी पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेला देईन. तिथल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस या पदवी आणि पदव्युत्तर जोड अभ्यासक्रमात सुरुवातीला गणितासह सर्व विज्ञाने शिकावी लागतात, नंतर जीवशास्त्राकडे वळता येते आणि शेवटचे वर्ष प्रबंधासाठी असते. प्रवेशासाठी आयएटी ही स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. नीटचे गुण इथे उपयोगी पडत नाहीत, आणि नीटच्या क्लासमध्ये दोन वर्षे घालवलेल्या आपल्याकडच्या मुलांना हे फार उशिरा कळते. मुंबईत कालिन्याला सीईबीएस हे मूलभूत विज्ञानांचे केंद्र आहे; तिथे नेस्ट या वेगळ्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. कोकण रेल्वेवर राहणाऱ्यांना घरी ये-जा करायला ते अधिक सोयीचे.

खासगी विद्यापीठ सरसकट वाईट असते, असे मी म्हणत नाही. मात्र फी भरण्यापूर्वी माहितीपत्रक बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठावे आणि त्याने स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला, हे विचारावे. झुरळाच्या पायात दोन टाचण्या खोचून, अँप्लिफायर जोडून, पायावरचा केस हलवला की चेतातंतूंची तडतड ऐकू येते. एवढ्या स्वस्तातला प्रयोगही ज्या विभागात विद्यार्थ्यांच्या हाती येत नाही, तिथे मेंदूची प्लॅस्टिकची प्रतिकृती पाहूनच तीन वर्षे निघून जातील. शिक्षकांचे अलीकडचे शोधनिबंध कोणत्या विषयावर आहेत, तेही पाहावे. परदेशाचा विचार असल्यास इंग्लंडमध्ये ही पदवी साधारण तीन वर्षांची आणि स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. खर्चाचा हिशेब त्यानुसार करावा.

रत्नागिरीतच राहायचे ठरले तरी वाट बंद होत नाही. प्राणिशास्त्राच्या जोडीने तिने गणिताची आणि प्रोग्रॅमिंगची तयारी ठेवावी आणि बंगळुरूच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसमार्फत चालणाऱ्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करावा, कारण तिच्यातून पदवीच्या वर्षांतच मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते. त्या अर्जाला शिक्षकांचे शिफारसपत्र लागते; त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली छोटे का होईना, काम सुरू करावे.